पळसाच्या पानावरची मुंगी

चांदी गाय व्याली तेव्हा रुपीबाईनं तिचा चीक तीन दिवस जपून काढला, गूळ घालून त्याचा खरवस केला आणि तांड्यातल्या अकरा घरी वाटीवाटीनं पोचवला. आठ दिवसांनी सून बाळंत झाली. तिचाही चीक रुपीबाईनं तीन दिवस तितक्याच जपून काढून घेतला, परसातल्या खड्ड्यात ओतला आणि वर बाभळीची काटी टाकली. बाईचा चीक पिवळा असतो, जड असतो, लेकराच्या आतड्याला चिकटतो, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. गाईचाही पिवळाच असतो, पण तिच्या बाबतीत त्याला पौष्टिक म्हणायची रीत होती.

सुनेला, म्हणजे हंसाबाईला, यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या आईनं हेच केलं होतं, आईच्या आईनंही. लेकराला तोवर गुळाचं पाणी मिळत होतं आणि ते रडत होतं, म्हणजे जिवंत होतं. तिला धाकधूक होती ती तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची.

दारव्ह्यापासून दोन कोसांवर हा तांडा. हंसाबाईचं हे दुसरं बाळंतपण. पहिला छोरा दोन सालांमागं वीस दिवसांचा होऊन गेला. अंग तापलं, दोनदा ओकला, आणि एका दुपारी आईच्या मांडीवर दूध पिता पिता निजला तो निजलाच. तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. पण ‘दूध पिता पिता गेला’ हे वाक्य मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं कोपऱ्यात बसून राहिलं होतं. उठवलं तर उठत नव्हतं.

म्हणून या खेपेला रुपीबाईनं ठरवलं होतं की छातीला लावायच्या आधी दूध तपासायचं. रीत जुनी होती. पळसाच्या पानावर दुधाचे चार थेंब, आणि त्या थेंबांच्या काठाशी एक काळी मुंगी. मुंगी पिऊन चालती झाली तर दूध गोड. मेली तर जहरी. लाल मुंगी चालत नाही. ती तापट, तिची साक्ष कोण धरणार?

“अंधार पडायच्या आत पाहून घेऊ,” रुपीबाई म्हणाली. “दिव्याच्या उजेडात मुंगी लबाडी करते.”

हंसाबाईनं पानावर दूध पिळलं. चार थेंब हवे होते, सात पडले. बाजेच्या मागच्या भिंतीला मातीत एक चीर होती. तिथून मुंग्यांची ओळ निघून गुळाच्या मडक्याकडे जायची. रुपीबाईनं झाडूची काडी लावून तिथली एक मुंगी उचलली आणि पानावर सोडली.

मुंगी थेंबाशी आली. मिशा लावल्या. प्याली असावी. मग दोन पावलं मागे सरली आणि निघाली. हंसाबाईच्या जिवात जीव आला. तेवढ्यात मुंगीचे मागचे पाय थरथरायला लागले. ती स्वतःभोवती फिरली, एका अंगावर कलली, उताणी झाली आणि हवेत पाय मारत राहिली. घागर भरायला जितका वेळ लागतो तितका वेळ मारत राहिली. मग थांबली.

“आनखी एक पाहा, याडी,” हंसाबाई म्हणाली. सासूला ती आईसारखं याडीच म्हणायची.

आणखी एक पाहिली. तिचंही तेच झालं. तिसरी तर थेंबापर्यंत पोचायच्या आधीच थरथरायला लागली.

“वासानंच,” रुपीबाई म्हणाली. तिनं पानाची घडी केली, घडीची घडी केली आणि ती कांचळीत खोचावी की चुलीत टाकावी हे न कळून बराच वेळ हातातच धरून बसली. “हे कोनाले सांगू नको. डोंगऱ्यालेबी नाही.”

डोंगरसिंग म्हणजे हंसाबाईचा नवरा. तो बाहेर चांदीला कडबा टाकत होता आणि आपल्याला मुलगा झाला म्हणून शीळ घालत होता.

इथं एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, जी त्या खोलीत दोघींनाही आठवली नाही. साल होतं एकोणीसशे एकोणसाठ. बाळंतपणाच्या नऊ दिवस आधी तांड्यात खाकी चड्डीतले सहा जण पाठीवर पत्र्याचे पंप घेऊन आले होते. हिवतापाचे डास मारायचे म्हणून त्यांनी घराघरांतली भांडीकुंडी, बाजा आणि म्हातारी माणसं बाहेर काढली आणि भिंतींवर डीडीटीचा पांढरा फवारा मारला. दाराच्या चौकटीवर गेरूनं तारीख लिहिली. जाताना बजावलं की तीन महिने भिंत सारवायची नाही, नाहीतर औषध झाकलं जाईल. रुपीबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहिलेल्या गोष्टीबद्दल तिला फार आदर. बाळंतिणीची खोली शेणानं सारवायची असते, पण दारावर तारीख होती. तिनं खोली सारवली नाही. भिंतीवरच्या मुंग्या त्या पांढऱ्या पुटावरून ये-जा करत राहिल्या. त्यांना तारीख वाचता येत नव्हती आणि आदरही नव्हता.

चौथ्या दिवसापासून लेकराला चांदीचं दूध सुरू झालं. घरच्या कापसाचा बोळा करायचा, दुधात तितकंच पाणी घालायचं, बोळा त्यात बुडवून ओठांत द्यायचा. चांदीचं दूध कुणी तपासलं नाही. गाईला मुंगी लावायची रीत नव्हती. गाय कुणाचं वाईट करीत नाही, असं रुपीबाई म्हणायची, आणि चांदीनं गेल्या साली तिच्याच मांडीवर पाय दिला होता त्याचा वण अजून होता.

लेकरू बोळा चोखायचं आणि रडायचं. ते रडलं की हंसाबाईच्या छातीत कळ यायची आणि दूध आपोआप सुटायचं. कांचळी भिजायची, ओढणी भिजायची. तिनं छातीवर लुगड्याची जुनी पट्टी आवळून बांधली, तरी भिजायचीच. लेकराला कुशीत घेऊन ती निजत नसे. उचलायचं झालं तर हात लांब करून, तापल्या तव्यासारखं अंगापासून दूर धरायची. एखादा थेंब त्याच्या ओठावर पडला तर, ही भीती. लेकरू मात्र मान वळवून वळवून तिच्याचकडे तोंड नेई. त्याला कळत नव्हतं. माणसाच्या पिल्लाला जहराचा वास येत नाही, असं तिला वाटलं आणि मग पहिल्याची आठवण आली. त्यालाही आला नव्हता. वीस दिवस. दिवसाला आठ-दहा वेळा. तिनं स्वतः छातीला लावलं होतं, स्वतः पाठ थोपटली होती, थोडं आणखी पी म्हणाली होती.

रुपीबाई रोज दोन वेळा मातीची पणती आणून द्यायची. हंसाबाई भिंतीकडे तोंड करून पणतीत दूध पिळायची, आणि ते दूध खड्ड्यात जायचं. खड्ड्यावर काट्या वाढत गेल्या. कोंबड्या तिकडे जाऊ लागल्या की रुपीबाई सगळं काम टाकून धावत सुटायची. शेजारणीला वाटलं, म्हातारीला नातू झाला म्हणून हुरूप आला आहे.

सहाव्या दिवशी लेकराची शी पातळ झाली, सातव्या दिवशी हिरवी. रडणं बारीक झालं. मोठ्यानं रडायचं तेव्हा हंसाबाईला कान झाकावेसे वाटत. आता ती कान देऊन बसू लागली.

सातव्या दिवशी दुपारी रुपीबाई पाण्याला गेली होती. हंसाबाईनं बोळ्याची वाटी घेतली. पळसाचं पान काढलं, चांदीच्या दुधाचे चार थेंब टाकले, आणि भिंतीवरची एक मुंगी सोडली.

मुंगी प्याली, थरथरली, उताणी झाली.

पहिल्या क्षणी तिला एवढं हलकं वाटलं की ती हसली. म्हणजे गाईचंही तसंच. म्हणजे आपण एकट्या नाही. दुसऱ्या क्षणी तिला उमगलं की हेच दूध चार दिवस लेकराच्या पोटात जातंय. तिनं दूध पुसलं, पान धुतलं आणि मडक्यातलं पाणी टाकून पाहिलं. साधं पाणी. ते सगळं घर पीत होतं.

मुंगी मेली.

आता विचार करायला एकच गोष्ट उरली होती. दूध वेगळं, गाय वेगळी, पाणी वेगळं. सारखं काय होतं? हात. तिचा हात. पान धरणारा, थेंब टाकणारा.

तिनं हात घागऱ्यासारख्या फेटियाच्या घोळात लपवले आणि त्यांवर बसली.

तिच्या माहेरच्या तांड्यात एक बाई होती. तिनं ज्याला हात लावला ते आटायचं, असं म्हणत. आधी एका म्हशीचं दूध आटलं, मग एका बाळंतिणीचं, मग एक विहीर. विहीर उन्हाळ्यात आटली होती आणि त्या उन्हाळ्यात मुकुटबनापर्यंतच्या सगळ्या विहिरी आटल्या होत्या. पण डाकण हा शब्द एकदा तोंडातून निघाला की त्याला हिशेब विचारत नाहीत. एका सकाळी तिला तांड्याबाहेर काढलं. पोरासोरांनी खडे मारले. हंसाबाई तेव्हा सात वर्षांची होती. तिनंही एक बारका खडा मारला होता. लागला नव्हता. पण मारला होता.

त्या दिवसापासून ती बोळाही हातात घेईना. “तूच पाज, याडी,” म्हणायची. रुपीबाई पाजायची आणि सुनेकडे बघायची. सून बघायची भिंतीकडे.

दहाव्या दिवशी हजराबी आली. हजराबी दारव्ह्याची चुडीवाली. बाळंतिणीला नव्या बांगड्या भरायला तिला आसपासच्या सगळ्या तांड्यांत बोलावणं असे. ती उंबऱ्याबाहेर टोपली ठेवून बसली आणि आत हात घालून हंसाबाईचं मनगट ओढून घेतलं.

“हाथ काहून कापते गं? ढीला छोड. नहीं तो काच घुसेगी.” मग तिची नजर लेकराकडे गेली. “या अल्ला. रुपीबाई, ये तो चिमणी का पिल्लू है.”

“आईले दूध नाही आलं,” रुपीबाई म्हणाली.

हजराबीनं हंसाबाईच्या भिजलेल्या कांचळीकडे पाहिलं. चाळीस वर्षं बायकांची मनगटं धरलेल्या बाईला काय विचारू नये हे चांगलं कळतं.

“मेरी बहू अकीला को तीन महिने की छोरी है,” ती बांगडी दाबत म्हणाली. “दूध इतना है की छोरी को ठसका लगता. बोलो तो बैलगाडीत घालून लाती. आठ रोज पिलायेगी. पण एक बात है, आमच्यात एक डाव पिया तो पोरगा उसका बेटा हुआ. उसकी छोरी इसकी बहन. आगे उनकी शादी नहीं होती.”

“तुमची आमची सोयरीक होनारच कवा होती, का त्याचं भेव धरू?”

“कायदा बताना पडता. ऊपर पूछते.”

रुपीबाईनं खरोखर विचार केला. तिचे ओठ हलत होते. तांड्याच्या पंचायतीत काय म्हणतील, नाईक काय म्हणेल, माहेरचे काय म्हणतील, इथपर्यंत ती जाऊन आली. “नाही हजराबी. परक्या जातीच्या बाईचं दूध लेकराच्या रक्तात जाते. गाय बरी.”

“गाय की कौन सी जात?”

“गाईले जात नसते.”

“ठीक है,” हजराबी म्हणाली. “बछडा भाई हुआ. सोयरिकीचा झंझट नहीं.”

रुपीबाईला हसू आलं, पण तिनं ते ओढणीत पुसलं आणि पाहुणीपुढे गुळाचा खडा ठेवला. हजराबीनं तो उचलला, उलटा करून पाहिला, फुंकर मारली.

“मुंग्या नाहीत. तुमच्याकडेबी फवारणी झाली ना? आमच्या मोहल्ल्यात पंधरा दिवस मी झाडूनं मुंग्याच भरत होती. पायली पायली. भिंतीवर चढी और उताणी. मच्छर मात्र मजे में. मेरे मियाँ बोले, ज्याच्यावर नेम धरला वो बच गया.”

हंसाबाईचा हात असा झटकला गेला की मनगटावरच्या बांगडीचे काडकन दोन तुकडे झाले.

“वाढली,” रुपीबाई चटकन म्हणाली, कारण सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. “दुसरी भर.”

“मुंग्या मरतात तं मरू दे,” ती पुढे म्हणाली. “गुळाले लागत होत्या.”

रुपीबाई काही खुळी नव्हती. पण गुळाला लागणारी मुंगी ही घरातली मुंगी होती, आणि पानावरची मुंगी ही साक्षीदार. दोघी एकाच भिंतीच्या एकाच चिरेत राहतात, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. देव्हाऱ्यातलं तांब्याभर पाणी आणि घागरीतलं पाणी एकच, हे तरी कुणाच्या डोक्यात येतं?

हंसाबाईच्या डोक्यात आलं. आतापर्यंत नुसती भीती होती, तिची थोडी सवय झाली होती. आता भीतीत आशा मिसळली. हजराबीचं खरं असेल तर लेकरू तिच्या हातभर अंतरावर, भरल्या छातीसमोर, उपाशी मरत होतं. खोटं असेल, आणि तिनं हजराबीच्या शब्दावर त्याला छातीला लावलं, तर दुसराही तिच्याच दुधानं जाणार. खात्री करायला बाहेरची मुंगी हवी होती. आणि बाळंतिणीला विहीर पुजेपर्यंत उंबरा ओलांडायचा नव्हता. सासूला आणायला सांगावी, तर पाण्यात मेलेल्या मुंगीबद्दल बोलावं लागणार. ते बोललं की हातांबद्दल बोलावं लागणार.

तिनं दोन दिवस काढले. कसे काढले हे तिनं पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी डोंगरसिंग दारात येऊन उभा राहिला. शीळ केव्हाच बंद झाली होती. “याडी, लेकरू डोळे उघडून नाही राह्यलं. दारव्ह्याच्या दवाखान्यात नेतो.”

“उद्या विहीर पुजाची हाय. त्याच्या आधी बाळंतीन तांड्याची शीव ओलांडत नाही.”

“तं उद्या. पूजा झाली का गाडी जुपतो. मंग मले कोनी अडवू नका.” एवढं बोलून त्याचं त्यालाच नवल वाटलं आणि तो गाडीच्या चाकाला वंगण घालायला गेला.

विहीर पुजणं म्हणजे बाराव्या दिवशी बाळंतिणीनं विहिरीवर जायचं, काठाला हळदकुंकू लावायचं, लापशी ठेवायची, आणि आपल्या दुधाचे पाच थेंब विहिरीत सोडायचे. विहिरीसारखं दूध आटू नये म्हणून. तांडा याच विहिरीचं पाणी प्यायचा. अकरा घरं, लेकरंबाळं, म्हातारे, बैल.

त्या सकाळी निघताना रुपीबाईनं सुनेच्या कानाशी तोंड नेलं. “माह्या ओढनीखाली वाटी हाय. चांदीचं दूध. टाइमावर तुह्या हातात देतो. तेच सोड. कोनाले दिसनार नाही.”

हंसाबाईनं मान हलवली. लेकरू तिच्या हातांवर होतं, हात लांब केलेले होते. आता ते मान वळवत नव्हतं.

विहिरीवर दहा-बारा बाया जमल्या होत्या. नाइकाची बायको चंदाबाई मानाची म्हणून पुढे. हळदकुंकू झालं. काठाच्या दगडावर लापशीचा गोळा ठेवला, घुगऱ्या ठेवल्या. हंसाबाई दगडाशी बसली आणि तिला दिसलं, बाभळीच्या मुळातून एक काळी ओळ निघाली आहे आणि गुळाच्या वासानं लापशीकडे येते आहे. विहिरीलाही भिंत असते, पण ती फवारायची कोणाच्या यादीत नव्हती.

रुपीबाईनं ओढणीखालून वाटी सरकवली. हंसाबाईनं घेतली नाही.

“याडी, मुंगी पाहू दे.”

“इथं? सगळ्यायसमोर?”

“घरातल्या मुंग्या कायच्यानंबी मरतात. गाईच्या दुधानं मेली. पान्यानंबी मेली. मी पाह्यलं.” मग तिला वाटलं, अर्धं सांगण्यात अर्थ नाही. “एक तं भिंतीच्या औषधानं मरत असन. नाही तं माह्या हातानं.”

रुपीबाई सुनेकडे पाहत राहिली. तिला शब्द कळला होता, जो सुनेनं उच्चारला नव्हता. मग तिनं वाटी परत ओढणीखाली घेतली, सुनेच्या आणि बायांच्या मध्ये पाठ करून उभी राहिली आणि गाणं सुरू केलं.

हंसाबाईनं छातीवरची पट्टी सोडली. थेंब पाडावे लागले नाहीत, ते आपणच पडले, लापशीच्या अलीकडे, दगडावर. हातांचीही साक्ष हवी म्हणून तिनं एक थेंब बोटानं पुढे सरकवला. ओळीतली पहिली मुंगी थबकली, वळली आणि थेंबाशी आली.

गाणं नातेवाइकांचं होतं. मामा आला, मामी आली, काय घेऊन आली, असं एकेकाचं नाव घेऊन वाढवता येणारं. रुपीबाईनं मामा-मामी संपवले. आत्या संपवल्या. घागर भरायला लागतो तितका वेळ लागणार होता आणि ती एकेक नात्यानं घागर भरत होती. मागच्या बाया साथ देत होत्या. जिवंत नातलग संपले तेव्हा तिनं मेलेल्यांना बोलावलं.

मुंगी पीत होती. दुसरी आली. पहिली मागे सरली. घरातलीही अशीच सरली होती. मुंगी थांबली. पुढचा एक पाय तिनं उचलला आणि तो हवेत हलला.

मेलेले नातलगही संपले. रुपीबाईनं बैलांची नावं घेतली.

“रुपीबाई,” मागून चंदाबाई म्हणाली, “आता का चांदीच्या वासराचंबी घेतं? ऊन चढून राह्यलं.”

रुपीबाईनं वासराचंही घेतलं. तिचा आवाज फाटला होता.

मुंगीनं तो उचललेला पाय मिशीवरून फिरवला, एकदा, दोनदा, जेवण झाल्यावर माणूस तोंड पुसतो तसा. मग ती वळली आणि ओळीत शिरली आणि बाभळीकडे निघाली. हंसाबाई तिला डोळ्यांनी धरून राहिली, मुळापर्यंत, बिळापर्यंत. दुसरी निघाली. तिसरी निघाली. दगडावरचा थेंब वाळला होता.

“याडी,” ती म्हणाली. “पुरे.”

गाणं थांबलं. हंसाबाईनं विहिरीवर वाकून पाच थेंब सोडले. मग तिथंच, काठाला टेकून, तिनं लेकराला जवळ घेतलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा हात आखडले. लेकरू छातीशी लागलं आणि तसंच राहिलं. ओठ हलले नाहीत. तिनं थेंब ओठांत सोडला, तो गालावरून ओघळला. दुसरा सोडला. तिसऱ्या थेंबाला लेकराची जीभ किंचित हलली. मग फार वेळानं, म्हणजे तिला फार वाटला तेवढ्या वेळानं, त्यानं एकदा ओढलं. थांबलं. पुन्हा ओढलं.

“आलं वाटते दूध,” चंदाबाई म्हणाली. “विहीर पावली.”

रुपीबाई दगडाशी खाली बसली. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात हंसाबाईनं विचारलं, “मंग तो कायनं गेला, याडी? पयला?”

नऊ दिवस तिला या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. उत्तर भयंकर होतं, पण होतं. आता तेही नव्हतं.

“माहे चार गेले,” रुपीबाई म्हणाली. “माह्या दुधाले कोनी मुंगी नाही लावली. मी जनमभर मनातच लावत राह्यली.” मग तिनं ओढणीखालची वाटी काढली आणि चांदीचं दूध दगडावर ओतलं. मुंग्या तेही प्यायला आल्या. त्यांचं दोन्हींबद्दल काही मत नव्हतं.

घरी जाऊन तिनं शेण कालवलं आणि बाळंतिणीची खोली सारवून काढली, चारी भिंती, चिरेसकट. दारावरची तारीख तेवढी ठेवली. ती लिहिलेली होती. आणि पुढे तांड्यात कोणी बाळंत झाली की रुपीबाई बजावून सांगायची, मुंगी बाहेरची घ्या, बाभळीखालची, घरातली खोटं बोलते. रीत सोडा, असं तिनं कधी सांगितलं नाही.

गाडी जुपलेली होती, म्हणून डोंगरसिंग दारव्ह्याला निघालाच. हंसाबाई मागे कडब्यावर बसली, लेकरू ओढणीखाली छातीशी. ते आता लयीत ओढत होतं. तांड्याची शीव ओलांडली, पळसाची झाडं मागे पडली. मग ओढणं हळूहळू कमी झालं. ओठ सैल पडले. लेकरू दूध पिता पिता निजलं.

हंसाबाईनं त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

“का झालं?” डोंगरसिंगनं पुढून विचारलं.

“काही नाही. हळू हाक.”

श्वास येत होता. जात होता. येत होता. दारव्ह्याची घरं दिसेपर्यंत तिनं बोट काढलं नाही.